सहा पेन्सांचे जेवण

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८७९ साली ‘अल्फा’ या नावाची एक खाणावळ सुरू झाली. ग्रीक वर्णमालेतील हे पहिले अक्षर पास्काच्या मेणबत्तीवर कोरलेले आपण दरवर्षी पाहतो. या खाणावळीत मांस नव्हते, मासळी नव्हती. भर बाजारपेठेत, भाजलेल्या गोमांसाचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रजांच्या राजधानीत, केवळ धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळे यांच्या बळावर उपाहारगृह चालविण्याचे धाडस ज्या गृहस्थांनी केले ते इंग्रज नव्हते. ते अमेरिकन होते, डॉक्टर होते, लेखक होते, एकेकाळी तुरुंगवास भोगलेले पत्रकार होते आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॅथॉलिक झालेले श्रद्धावंत होते. त्यांचे नाव डॉ. थॉमस लो निकोल्स.

शाकाहाराच्या चळवळीचा इतिहास सांगणारे लेखक निकोल्स यांचा उल्लेख करतात. पण त्यांचा कॅथॉलिक धर्मप्रवेश हा एका चंचल माणसाच्या अनेक लहरींपैकी एक, असे समजून पुढे जातात. आपल्यापैकी बहुतेकांना तर हे नावही परिचित नसेल. मला मात्र असे वाटते की, त्यांच्या धर्मप्रवेशाचा आणि त्यांच्या खाणावळीचा संबंध जवळचा आहे. पूर्वायुष्यात ज्या आहाराकडे ते ‘परिपूर्ण मानव’ घडविण्याचे साधन म्हणून पाहत होते, त्याच आहाराकडे उत्तरायुष्यात ते भुकेल्याची भाकर म्हणून पाहू लागले. हा बदल कसा घडला, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. ते संत नव्हते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

निकोल्स यांचा जन्म १८१५ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील ऑरफर्ड या गावी झाला. वैद्यकीचा अभ्यास सुरू करून त्यांनी तो अर्ध्यावर सोडला व वृत्तपत्रांच्या धकाधकीत उडी घेतली. लेखणी तिखट होती. बफलो शहरात पत्र चालविताना प्रतिष्ठितांवर केलेल्या टीकेबद्दल त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि चार महिन्यांची कैद त्यांच्या वाट्याला आली. त्या दिवसांची रोजनिशी १८४० मध्ये त्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्धही केली. संकटाचे पुस्तक करून टाकण्याची ही हातोटी त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांच्या व्याख्यानांनी खळबळ उडवून दिली होती. ग्रॅहम हे प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. मांस, मद्य, मसाले, चहा-कॉफी सोडा; कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठाची भाकरी खा; थंड पाण्याने स्नान करा; वासनांना आवर घाला, असा त्यांचा उपदेश होता. १८३२ च्या पटकीच्या साथीने घाबरलेल्या लोकांना तो पटत होता, तर खाटकांना आणि भट्टीवाल्यांना तो मुळीच पटत नव्हता. १८३७ साली बोस्टनमध्ये त्यांनी ग्रॅहम यांच्या सभेवर चाल करून जाण्यापर्यंत मजल गेली. पावाच्या पिठावरून दंगल व्हावी याचे आज हसू येईल. पण घरची गृहिणी स्वतःच जाडसर पिठाची भाकरी भाजू लागली तर शहरातल्या भट्टीवाल्याने करायचे काय? तरुण निकोल्स यांच्यावर ग्रॅहम यांच्या शिकवणीचा ठसा उमटला आणि तो पुढे कधी पुसला गेला नाही.

निकोल्स यांची कथा त्यांच्या पत्नीवाचून सांगता येत नाही. किंबहुना दोघांपैकी अधिक मोठे व्यक्तिमत्त्व कोणाचे, असे कोणी विचारले तर मी मेरी गोव्ह यांच्याकडे बोट दाखवीन. त्यांचा जन्म १८१० चा, न्यू हॅम्पशायरमधलाच. पहिला विवाह दुःखाचा झाला. शिवणकाम करून त्या घर चालवीत आणि त्या काळच्या कायद्यानुसार त्यांची कमाई पतीच्या मालकीची होत असे. चोरून वैद्यकाची पुस्तके वाचून या स्त्रीने शरीरशास्त्र आत्मसात केले आणि १८३८ पासून केवळ स्त्रियांसमोर त्या विषयावर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. शरीराच्या अवयवांची नावे उच्चारणेही कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जाण्याचे ते दिवस होते. १८४२ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. घट्ट चोळखणांनी फुप्फुसे दाबून घेणाऱ्या, बंद खोल्यांत कोमेजणाऱ्या, वारंवारच्या बाळंतपणांनी खचलेल्या स्त्रियांना स्वच्छ हवा, पाणी, व्यायाम आणि साधा आहार यांचे महत्त्व त्या सांगत होत्या. पुढे पतीपासून विभक्त होऊन त्या न्यूयॉर्कला आल्या आणि जलचिकित्सेचा व्यवसाय करू लागल्या.

याच काळातील एक प्रसंग इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. कवी आणि कथाकार एडगर ॲलन पो न्यूयॉर्कजवळ फोर्डहॅम येथे एका लहानशा घरात राहत होता. त्याची तरुण पत्नी व्हर्जिनिया क्षयाने अंथरुणाला खिळलेली. मेरी गोव्ह समाचाराला गेल्या तेव्हा ती मुलगी पेंढ्याच्या गादीवर पतीचा ओव्हरकोट पांघरून कुडकुडत होती आणि ऊब मिळावी म्हणून तिच्या छातीवर घरचे मांजर बसलेले होते. मेरी यांनी तत्काळ शहरात जाऊन मदतीची व्यवस्था केली. व्हर्जिनिया १८४७ च्या जानेवारीत वारली. त्या दिवसांच्या आठवणी मेरी यांनी पुढे १८६३ मध्ये लिहिल्या, आणि पोच्या चरित्रकारांना त्यांचा आधार घ्यावाच लागतो. गरिबी म्हणजे काय, हे या बाईंनी पुस्तकात वाचलेले नव्हते, एवढे यावरून लक्षात यावे.

१८४८ साली निकोल्स आणि मेरी विवाहबद्ध झाले. पतीने अर्धवट सोडलेला अभ्यास पुरा करून १८५० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली आणि पुढल्याच वर्षी दोघांनी जलचिकित्सेचे शिक्षण देणारी संस्था काढली. तिच्यात स्त्रियांनाही प्रवेश होता. येथपर्यंत सारे ठीक होते. परंतु सुधारणेचा ध्यास घेतलेल्या माणसाला कुठे थांबावे हे पुष्कळदा कळत नाही. १८५३ मध्ये निकोल्स यांचा मानवी शरीर व प्रजनन यांविषयीचा ग्रंथ आला, १८५४ मध्ये पती-पत्नींनी मिळून विवाहसंस्थेवर पुस्तक लिहिले. प्रेमाविना चाललेला विवाह हाच खरा व्यभिचार, कायद्याने बांधलेले बंधन हे बंधनच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मेरी यांच्या पहिल्या संसाराची होरपळ या विधानामागे होती हे खरे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष कुटुंबव्यवस्थेच्या मुळावरच घाव घालणारा होता. ‘मुक्त प्रेमाचे प्रचारक’ म्हणून दोघांची सर्वत्र नालस्ती झाली. लाँग आयलंडवरील ‘मॉडर्न टाइम्स’ नावाच्या वसाहतीत, जिथे प्रत्येकाने आपल्या मर्जीचा राजा व्हायचे होते, तिथे एक भव्य संस्था उभारण्याचा त्यांचा बेत होता, तो फसला. जोडीला प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याचे वेड लागले. न्यूयॉर्क राज्यात फॉक्स भगिनींनी १८४८ मध्ये सुरू केलेल्या या प्रकाराने तेव्हा अर्धी अमेरिका भारली होती. आपल्याकडच्या प्लँचेटची ही मावशीच म्हणायची.

१८५६ साली हे दांपत्य ओहायो राज्यातील येलो स्प्रिंग्ज या गावी येऊन पोहोचले आणि तिथे त्यांनी ‘मेम्नोनिया’ नावाचे आश्रमवजा विद्यालय काढले. त्याच गावात अँटिऑक कॉलेज होते आणि त्याचे अध्यक्ष होते अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचे प्रणेते होरेस मान. या बदनाम जोडप्याची सावली आपल्या विद्यार्थ्यांवर पडू नये म्हणून मान यांनी कसून विरोध केला. पण गंमत अशी की, मेम्नोनियाच्या भिंतींआड स्वैराचार नव्हताच. उलट तिथे उपास होते, थंड पाण्याची स्नाने होती, आत्मपरीक्षण होते आणि अपत्यप्राप्तीचा हेतू नसेल तर पती-पत्नींनीही ब्रह्मचर्य पाळावे असा दंडक होता. मुक्तीचा जाहीरनामा लिहिणारी माणसे चालत चालत मठाच्या दारापाशी आली होती आणि त्यांचे त्यांनाच ते कळले नव्हते.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही धर्मशिक्षकाला गोंधळात टाकील. मेरी यांना प्रेतात्म्यांच्या बैठकीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे दर्शन झाले, आणि पुढे संत फ्रान्सिस झेवियर यांचेही; असे त्यांनी स्वतः सांगितले. गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचे अवशेष जपलेले आहेत, ते आपले गोंयचे सायब ओहायोच्या एका जलचिकित्सालयात! ख्रिस्तसभेला अशा बैठका मान्य नव्हत्या. अशा प्रयोगांतील भोंदूपणाविरुद्ध रोमहून १८५६ मध्येच इशारा निघालेला होता. तेव्हा या दर्शनांना आपण प्रमाण मानण्याचे कारण नाही. मात्र त्या दर्शनांनी काय घडविले ते नोंदवायला हवे. या दोघांना येशूसंघाविषयी काहीच माहिती नव्हती, म्हणून त्यांनी ती मागविली. सिनसिनाटीला येशूसंघीयांचे सेंट झेवियर कॉलेज होते, तिथे आर्चबिशप जॉन पर्सेल होते. पुस्तके आली, भेटी झाल्या, प्रश्नोत्तरे झाली. २९ मार्च १८५७ रोजी थॉमस आणि मेरी निकोल्स यांनी कॅथॉलिक धर्मात प्रवेश केला.

प्रवेशाआधी त्यांना किंमत मोजावी लागली. आपण लिहिलेल्या ज्या लेखनामुळे सभेच्या शिकवणीला बाध येत होता ते मागे घेत असल्याचे त्यांनी आर्चबिशप पर्सेल यांना लिहून दिले आणि तशी जाहीर कबुली दिली. लेखकाला स्वतःची पुस्तके नाकारावी लागणे म्हणजे काय, हे ज्याने चार ओळी छापून पाहिल्या आहेत त्याला समजेल. जुने सहकारी हसले. मुक्त विचारांची वर्तमानपत्रे तुटून पडली. आणि कॅथॉलिकांमध्येही संशयाने पाहणारे कमी नव्हते.

परंतु त्यांनी एक गोष्ट मागे घेतली नाही, आणि ती त्यांच्याकडे कोणी मागितलीही नाही. ती म्हणजे त्यांचा आहार.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ख्रिस्तसभेने मांस कधी अपवित्र मानलेले नाही. संत पॉल यांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रात भाजीपाला खाणाऱ्याने आणि सर्व काही खाणाऱ्याने एकमेकांचा न्याय करू नये असा सल्ला दिला आहे. देवाने निर्माण केलेले मांस मुळातच दूषित आहे असे मानणाऱ्यांचा पोर्तुगालमधील ब्रागा येथील परिषदेने ५६१ साली निषेध केला. त्याच वेळी संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत, आजारी माणसाचा अपवाद सोडून, चतुष्पाद प्राण्यांचे मांस मठवासीयांना वर्ज्य केले होते. कार्थुसियन मठवासी तर मांसाला स्पर्शही करीत नाहीत. यात विसंगती नाही. शुक्रवारी मांस सोडणारा कॅथॉलिक रविवारी ते आनंदाने खातो, कारण जे मुळात चांगले आहे तेच प्रभूला अर्पण करता येते. वाईट वस्तू सोडण्यात त्याग कसला? आपल्याकडे, वसईच्या पट्ट्यात काय किंवा गोव्यात काय, शुक्रवारी मटण वर्ज्य आणि बोंबील-बांगडा चालतो, यामागचे शास्त्र हेच. ते सर्वांना पटवून देताना आपल्या आज्यांची पंचाईत होत असे, ही गोष्ट वेगळी.

ग्रॅहमचा शिष्य मात्र वेगळ्या वाटेने आला होता. त्याच्या मते मांस मनुष्याला बिघडविते, म्हणून ते कायमचे सोडायचे; शुद्ध आहाराने शुद्ध शरीर, शुद्ध शरीराने शुद्ध समाज. कॅथॉलिक झाल्यावर या साखळीची शेवटची कडी निखळली. मनुष्य अन्नाने निष्पाप होत नाही, हे ज्याने मान्य केले त्याला शाकाहारासाठी दुसरे कारण शोधणे भाग होते. निकोल्स यांच्या त्यानंतरच्या लेखनात ते कारण हळूहळू स्पष्ट होत गेलेले दिसते. आरोग्य हे त्यातले एक होतेच. दुसरे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे, कारण म्हणजे पैसा. गरिबाच्या खिशातला पैसा.

धर्मप्रवेशानंतर काही वर्षे या दांपत्याने अमेरिकेच्या मध्यभागातील कॅथॉलिक संस्थांना आणि धर्मभगिनींच्या मठांना भेटी देऊन आरोग्याचे शिक्षण दिले. मठांतील भगिनींची प्रकृती हा तेव्हा चिंतेचा विषय होता: अपुरी हवा, अपुरे स्नान, पोटभर नसलेले किंवा पचायला जड असलेले जेवण. मेरी यांच्याजवळ त्यासाठी वीस वर्षांचा अनुभव होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि ते सारे संपले. निकोल्स युद्धाच्या विरोधात होते. देश सोडून ते लंडनला निघून आले. हा निर्णय शांततावाद्याचा म्हणून गौरविण्याचा मोह होतो, पण त्यांची सहानुभूती दक्षिणेकडे झुकलेली होती आणि १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकन जीवनावरील दोन खंडी ग्रंथात गुलामगिरीचे वर्णन करताना त्यांची लेखणी जशी जळायला हवी होती तशी जळत नाही. बैलाच्या वेदनेने व्याकूळ होणाऱ्या अनेकांना मळ्यातला गुलाम दिसला नाही. त्यांपैकी निकोल्स हे एक, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

लंडनमध्ये सुरुवातीची वर्षे हलाखीची गेली. लेखनावर पोट भरायचे, तेही परक्या देशात. धाकटी मुलगी अल्पवयात गेली आणि दुःखाच्या भरात पुन्हा प्रेतात्म्यांच्या बैठकींचे दार उघडले गेले. १८६४ मध्ये निकोल्स यांनी डॅव्हनपोर्ट बंधू नावाच्या, दोरखंडांनी बांधून घेऊन अंधारात वाद्ये वाजवून दाखविणाऱ्या तमासगीरांचे चरित्र लिहून काढले. हा त्यांच्या स्वभावातील कायमचा दुबळेपणा. त्यानंतर काही काळ इंग्लंडमधील जलचिकित्सेचे माहेरघर असलेल्या मालव्हर्न या गावी त्यांनी रुग्णालय चालविले.

१८७३ साली निकोल्स यांनी काउंट रमफोर्ड यांच्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांच्या उत्तरायुष्याची किल्ली मला या पुस्तकात सापडते. रमफोर्ड म्हणजे बेंजामिन टॉम्सन, मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला शास्त्रज्ञ. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड गावाचे जुने नाव रमफोर्ड. तेच त्याने आपल्या सरदारकीला लावले. बव्हेरियाच्या सेवेत असताना १७९० च्या पहिल्याच दिवशी त्याने म्युनिकमधील भिकाऱ्यांना रस्त्यावरून गोळा करून एका उद्योगगृहात आणले, त्यांना काम दिले आणि ऊन जेवण दिले. ते जेवण म्हणजे जव, वाटाणे आणि बटाटे यांचे दाट कढण. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माणसे कशी जेवतील, चूल कशी बांधावी म्हणजे सरपण वाचेल, डाळ किती वेळ शिजवावी, याचा हिशेब या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या काटेकोरपणाने मांडला. निकोल्स यांना आपल्याच राज्याशी नाते सांगणाऱ्या या माणसात आदर्श सापडला. भिकारी सुधारावा म्हणून आधी त्याला उपदेश करायचा आणि मग जेवू घालायचे, ही सुधारकांची रीत. रमफोर्डने क्रम उलटा केला: आधी जेवण.

१८७५ पासून निकोल्स आरोग्यविषयक मासिक चालवू लागले आणि १८७८ मध्ये त्यांची सर्वांत प्रसिद्ध पुस्तिका बाहेर पडली. दिवसाला सहा पेन्सांत कसे जगावे, हाच तिचा विषय आणि हेच तिचे नाव. सहा पेन्स म्हणजे अर्धा शिलिंग. एका पौंडात असे चाळीस दिवस निघतात. त्या वेळच्या हुंडणावळीने ही रक्कम सुमारे पाच आण्यांची. गहू, ओट, वाटाणे, मसूर, बटाटे, सुकी फळे, थोडे दूध यांवर माणूस नुसता जगत नाही तर कामही करू शकतो, हे त्यांना पटवून द्यायचे होते. काळही अनुकूल होता. अमेरिकेच्या मैदानांतून जहाजे भरभरून गहू येत होता आणि धान्याचे भाव खाली येत होते; मांस मात्र मजुराला परवडत नव्हते. जितक्या जमिनीत एका बैलाचा चारा पिकतो तितक्या जमिनीत पुष्कळ अधिक माणसांचे धान्य पिकू शकते, हा हिशेब विल्यम पेली या अँग्लिकन धर्मपंडिताने १७८५ मध्येच मांडून ठेवला होता. निकोल्स यांनी तो जमिनीवरून उचलून ताटात आणला.

या पुस्तिकेवर एक रास्त आक्षेप घेता येतो. गरीब सहा पेन्सांत जगू शकतो असे एकदा सिद्ध झाले की कारखानदाराला मजुरी कमी करायला निमित्तच मिळते! गरिबाला काटकसर शिकविणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाच्या बाबतीत हा धोका असतो, आणि निकोल्स यांच्याकडे त्याला पुरेसे उत्तर होते असे मला वाटत नाही. दुसरीही एक गोष्ट खटकते. आपल्याच मासिकातून ते आपलाच ‘आरोग्याहार’ नावाचा भरडलेल्या धान्यांचा पुडा आणि आपलाच साबण विकत. डॉक्टर, संपादक, दुकानदार आणि जाहिरातदार एकाच अंगरख्यात असले की रुग्णाने जरा सावध राहावे.

तरीही ‘अल्फा’ उघडली ती याच सहा पेन्सांच्या विचारातून. त्या सुमारास लंडनमध्ये हजारो कारकून, दुकानांतले नोकर, शिवणकाम करणाऱ्या मुली दुपारच्या जेवणासाठी बाहेर अवलंबून असत. त्यांना उपलब्ध काय होते? एक तर गुत्ता, जिथे जेवणाबरोबर बिअर घेणे ओघाने आलेच. नाहीतर कळकट खानावळीतला शिळा मांसाचा तुकडा. एकट्या स्त्रीने तर जावे अशी जागाच जवळजवळ नव्हती. मांस आणि मद्य यांवाचून चालणाऱ्या स्वच्छ, स्वस्त खाणावळींनी ही पोकळी भरून काढली. दाट कढण, भाजीची पाय, कोंड्यासकट पिठाचा पाव, शिजविलेली फळे आणि लापशी असा त्यांचा साधारण बेत असे. १८८० नंतरच्या दशकात अशी उपाहारगृहे शहरभर निघाली. या खाणावळींत येणारे सारे तत्त्वनिष्ठ शाकाहारी होते असे मुळीच नाही. बहुतेकांना पोटभर आणि स्वस्त हवे होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ १८८१ मध्ये शाकाहारी झाला तो कवी शेलीच्या प्रभावाने. पण तेव्हा तो कफल्लक होता आणि या स्वस्त खाणावळी त्याला सोयीच्या पडल्या.

१८८८ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये असाच एक भुकेला विद्यार्थी रस्तोरस्ती खाणावळ शोधीत हिंडत होता. आईला दिलेल्या वचनामुळे मांस खायचे नाही आणि घरमालकिणीच्या उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नाहीत, अशी त्याची अवस्था. फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला एक शाकाहारी उपाहारगृह सापडले, काचेच्या कपाटात ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक त्याने एका शिलिंगाला विकत घेतले आणि इंग्लंडला आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण केले. मोहनदास गांधी जन्माने शाकाहारी होते. त्या दिवसापासून आपण विचाराने शाकाहारी झालो असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. पुढे साध्या राहणीवरची पुस्तके वाचून त्यांनी खोलीत स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी स्वतः शिजवू लागले आणि दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. ते उपाहारगृह निकोल्स यांचे नव्हते. पण फॅरिंग्डन स्ट्रीटची ती काच उजळण्याच्या नऊ वर्षे आधी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिवा लागलेला होता.

याच दशकात इंग्लंडमध्ये एक मराठी स्त्रीही होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मांसाहार केला नाही. ज्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या त्यांना या नियमांत जुन्या धर्माचा आणि जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला, आणि त्यावरून झालेला पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. रमाबाई बधल्या नाहीत. ख्रिस्ताच्या शिकवणीला जे विरोधी नाही ते केवळ हिंदू म्हणून टाकून देण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. रमाबाई आणि निकोल्स यांची उदाहरणे शेजारी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. आपल्या देशात ‘मी अमुक खात नाही’ या वाक्याला फार जुना वास आहे. त्यात पंक्ती आहेत, वेगळे ठेवलेले पाण्याचे हंडे आहेत, कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही याचे हिशेब आहेत. म्हणूनच आपल्या समाजातील माणूस शाकाहाराचे नाव निघताच थोडा सावरून बसतो, आणि त्याचे चुकत नाही. वाँटेजच्या भगिनींची शंका अगदीच अनाठायी नव्हती. निकोल्स यांच्या खाणावळीत मात्र कोणी कोणाची जात, कूळ किंवा पंथ विचारला नाही. मांस न खाणारा तिथे मांस खाणाऱ्याहून वरच्या पायरीवर बसत नव्हता. दोघेही एकाच बाकावर बसून तीच डाळ खात होते आणि दोघांच्याही खिशात सारखीच नाणी होती.

मेरी निकोल्स यांची अखेरची वर्षे व्याधींशी झुंजण्यात गेली. मोतीबिंदूने दृष्टी अधू झाली आणि शेवटी कर्करोगाने गाठले. १८८४ साली त्या लंडनमध्ये निवर्तल्या. तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, निकोल्स यांनी एक आरोग्यपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात स्नानाचे प्रकार आहेत, पथ्यापथ्य आहे, धान्य कसे शिजवावे हे आहे. आणि त्याच बांधणीत, त्याच मुखपृष्ठाआड, मेरी यांचे चरित्र आणि त्यांची पत्रे आहेत. समाधिलेख म्हणून पाककृतींचे पुस्तक काढणारा दुसरा पती माझ्या वाचनात नाही. त्या स्त्रीला ते आवडले असते. पुढे वृद्ध डॉक्टर फ्रान्समध्ये जाऊन राहिले आणि तिथेच १९०१ साली, वयाच्या शहाऐंशीच्या घरात, त्यांनी जगाचा निरोप घेतला.